तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या एअर पिस्तुलाचा उडालेला काळा रंग

कुणाकडे जुनं एअर पिस्तूल असलं की मला हमखास विचारलं जातं, "याचा काळा रंग उडालाय, परत नव्यासारखा करता येईल का?" येतो. पण मी आधी उलट विचारतो की तो रंग आहे की ब्ल्यूइंग, म्हणजे स्टीलवर रसायनाने आणलेला निळसर काळा थर? कारण सगळं पुढचं काम त्याच्यावर ठरतं आणि नव्वद टक्के लोकांनी हे बघितलेलंच नसतं, डायरेक्ट रसायनाची बाटली घेऊन बसतात.

साधं लोहचुंबक घ्या आणि प्रत्येक पार्टला वेगवेगळं लावून बघा. प्रत्येक पार्टला म्हणतोय, कारण नळी स्टीलची आणि बॉडी मिश्रधातूची असं खूपदा असतं. वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश कंपनीने बर्मिंगहॅममध्ये 1924 पासून जी एअर पिस्तुलं काढली त्यातली सुरुवातीची स्टीलची, त्यांच्यावर खरं ब्ल्यूइंग. नंतरच्या काळातल्या बऱ्याच कंपन्यांच्या पिस्तुलांची बॉडी ॲल्युमिनियम किंवा झिंकच्या मिश्रधातूची, ओतीव, आणि तिच्यावरचा काळा थर म्हणजे बऱ्याचदा पेंटच. चुंबक चिकटलं नाही तर ब्ल्यूइंगचा विषयच संपला. तिथे जुना पेंट काढायचा, धातू तेलमुक्त करायचा, एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला धरून बसणारा पहिला हात, मारायचा (तो नसला की ॲल्युमिनियमवर पेंट धरत नाही, पापुद्रे सुटतात) आणि मग काळ्या सॅटिन पेंटचे पातळ पातळ हात. झालं.

स्टीलची गोष्ट वेगळी, आणि माझा जीव तिथेच अडकलाय. ब्ल्यूइंग हा वरून लावलेला रंग नाही, ते लोखंडाचंच ऑक्साइड आहे, मॅग्नेटाइट. तांबडा गंज पण लोखंडाचं ऑक्साइडच, फक्त दुसरं. म्हणजे ज्या गंजाला आपण शत्रू समजतो तो उकळत्या पाण्यात टाकला की त्याचंच काळं ब्ल्यूइंग होतं! जुन्या पद्धतीचं रस्ट ब्ल्यूइंग म्हणजे हेच, मुद्दाम पातळ गंज चढवायचा, उकळायचा, वरची काळी भुकटी ब्रशने झाडायची, परत गंज चढवायचा, असं पाच-सात वेळा.

हे मी पहिल्यांदा एका ट्रिगर गार्डवर बघितलं. नारिंगी चट्टे पडलेले, मधेमधे जुनं निळंकाळं शिल्लक. सुटा केलेला पार्ट, डिस्टिल्ड वॉटर, वीसेक मिनिटं उकळी. बघता बघता नारिंगीचं तपकिरी झालं आणि मग चट्टे काजळासारखे काळे झाले. बाहेर काढून मऊ तारेच्या ब्रशने झाडलं तर काळी भुकटी पडली आणि खाली जुनं ब्ल्यूइंग जसंच्या तसं, एक ओरखडा नाही. पॉलिश पेपर लावला असता तर गंजाबरोबर तेही गेलं असतं. म्हणून माझं पहिलं उत्तर नेहमी हेच असतं की आधी जे उरलंय ते वाचवा, नवीन चढवायचं नंतर बघू.

आता कोल्ड ब्ल्यू, म्हणजे न तापवता बाटलीतून थेट लावायचं रसायन, सगळे ज्याच्याबद्दल विचारतात ते. ते ऑक्साइड नाहीच, बहुतेक बाटल्यांमध्ये सेलेनियम आणि तांब्याचे क्षार असतात आणि त्यांचा पातळ काळा थर स्टीलवर बसतो. बारीक ओरखडे, कडा, स्क्रूची डोकी, एवढ्यासाठी छान. अख्ख्या नळीवर लावलं तर ढगाळ दिसतं आणि हात लागून लागून लवकर जातं. सेलेनियम विषारी आहे, त्यामुळे हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा, यात तडजोड नको. हॉट ब्ल्यूइंग घरी करूच नका. 140 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं कॉस्टिक आणि नायट्रेटचं द्रावण असतं ते, अंगावर उडालं तर विचार करा, आणि त्यात चुकून ॲल्युमिनियमचा पार्ट गेला तर कॉस्टिक तो खाऊन टाकतं.

पण खरं सांगू का, फिनिश चांगली येणं न येणं हे रसायनावर नाही, घासण्यावर आहे. पॉलिश पेपर आधी 320 नंबरचा, मग 400, मग 600, पेपरच्या मागे सपाट ठोकळा, आणि हात नळीच्या लांबीच्याच दिशेने. बफिंग व्हील, म्हणजे मशीनवर फिरणारं पॉलिशचं चाक, लावू नका. मी माझ्या पहिल्या वेब्लीला लावलं होतं, दहा मिनिटांत आरशासारखी चमकली, आणि कंपनीच्या ठशातल्या अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडले. ते परत येत नाही. अजून ते पिस्तूल हातात घेतलं की अंगठा आपोआप त्या पुसट अक्षरांवर जातो आणि वाईट वाटतं.

हे सगळं पिस्तूल पूर्ण खोलल्यावरच, म्हणजे सील, वॉशर, बेकेलाइटच्या ग्रिप सगळं बाजूला. आत दाबलेली स्प्रिंग असते, खोलताना ती जोरात उसळते, तर सवय नसेल तर जाणकाराकडून खोलून घ्या.

आणि नळीवर जिथे धरून पिस्तूल ताणतात तिथला तो घासलेला, रुपेरी झालेला पट्टा? तो मी स्वतःच्या पिस्तुलांवर तसाच ठेवतो. पन्नास-साठ वर्षं कुणाकुणाचे हात लागून तो झालाय, तो खराबी नाही वाटत मला. फक्त तेलाचा हात देतो.

तुम्ही कोल्ड ब्ल्यू लावलंत तर शेवटी पाण्याने नीट धुवा, पुसून कोरडं करा, तेलात चोपडून रात्रभर ठेवा आणि सकाळी पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. फडक्यावर नारिंगी आलं तर रसायन अजून आत काम करतंय, परत धुवा, परत तेल.