तुम्ही विचारलंत म्हणून: झग्याचं माप

उपासना संपली की चर्चच्या पायरीवर एखादी तरुण आई हमखास गाठते. "ताई, मुलांना देवाची गोडी कशी लावलीत?" तिच्या कडेवरचं लेकरू माझ्या चष्म्याला हात घालत असतं आणि तिची नजर असते आत पेटीवर बसलेल्या माझ्या मुलीकडे. मुलगी गायनमंडळात आहे, रविवारच्या शाळेत लहानांना शिकवते. थोरला ज्यांना ठाऊक आहे, त्या बायका हा प्रश्न विचारत नाहीत.

थोरला पुण्यात नोकरीला असतो. नाताळला घरी येतो, करंज्यांचा डबा रिकामा करतो, उपासनेला मात्र येत नाही. दोघं एकाच घरात, एकाच आईच्या धाकात वाढली. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, युक्त्या माझ्यापाशी फारशा नाहीत. चुका भरपूर आहेत.

नगरच्या आमच्या घरी संध्याकाळची प्रार्थना कधी चुकायची नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एक पद, शास्त्रातला म्हणजे बायबलमधला एक अध्याय, मग पाठांतराचं वचन. वचन म्हटल्याशिवाय ताट वाढायचं नाही, हा माझा नियम. थोरला तेव्हा 12 वर्षांचा असेल. मैदानातून भुकेने कासावीस होऊन आलेला. रिकाम्या ताटासमोर बसून एका दमात म्हणाला, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही," आणि भाकरीच्या टोपलीकडे हात नेला. सासूबाई खुदकन हसल्या. मला काही हसू आलं नाही. उलट "नीट म्हण" म्हणून मी ते त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. आजही ते स्तोत्र कानावर पडलं की माझ्या डोळ्यांपुढे ते रिकामं ताट येतं. त्याच्या डोळ्यांपुढे काय येतं, हे विचारायचा धीर अजून झालेला नाही.

मातृदिनाच्या उपदेशात बायबलमधल्या नीतिसूत्रांचा 31 वा अध्याय ठरलेला. अंधारात उठणारी, लोकर कातणारी, शेत विकत घेणारी ती बाई. ऐकूनच आम्ही सगळ्या दमतो. माझं मन शमुवेल संदेष्ट्याच्या आईपाशी, हन्नेपाशी रेंगाळतं. देवाकडे रडून मागितलेला शमुवेल, आणि दूध तुटल्यावर तिने त्याला शिलोच्या मंदिरात एली याजकापाशी नेऊन सोडलं. रोजची प्रार्थना, पाठांतर यातलं काही करायला तिला पुढे मिळालंच नाही. आणि सोडलं कुठे? जिथे एलीची स्वतःची पोरं, हफनी आणि फिनहास, लोकांच्या अर्पणातलं मांस दांडगाईने उचलत होती. मुलांना फक्त चांगल्या संगतीत ठेवा म्हणजे झालं, असं सांगणाऱ्यांनी पहिल्या शमुवेलाचा हा दुसरा अध्याय एकदा वाचावा.

त्याच अध्यायात एक ओळ आहे. त्याची आई दरवर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून नेत असे. एकदा मशीनवर शिवत बसले होते, तेव्हा ही ओळ मला लागली. वर्षातून एकदा दिसणाऱ्या पोराचं माप तिने घेतलं कसं? किती उंच झाला असेल, खांदे किती भरले असतील, सगळा अंदाजच. गेल्या सालचा झगा तर आखूड होणारच. मुलाला शिक्षण कसं द्यावं, यासाठी आपल्या मराठी शास्त्रात नीतिसूत्रे 22:6 ला शब्द आहेत, "मुलाच्या स्थितीस अनुरूप". मी दोन्ही मुलांना एकाच मापाचं शिवलं. मुलीला ते बसलं, यात माझं कसलं कौतुक?

बरं, हन्नेच्या घराण्याची गोष्ट तिथे संपत नाही. शमुवेल एवढा मोठा संदेष्टा, पण त्याची मुलं योएल आणि अबीया लाच खाऊ लागली. हन्नेचे सख्खे नातू! पुढे बायबलच्या 'पहिला इतिहास' या पुस्तकात, आपण भराभर उलटतो त्या वंशावळींमध्ये, योएलाचा मुलगा हेमान सापडतो. दावीद राजाने परमेश्वराच्या घरात गायला नेमलेला गवई. त्याला 14 मुलगे आणि 3 मुली, आणि मुलंही त्याच्या हाताखाली गाणारी. लाचखाऊ बापाच्या पोटी हा असा! हा हिशेब कुठल्या आईच्या खात्यावर मांडायचा, मला समजत नाही.

थोरल्याला जरा दटावून आणा, असं नातेवाईक सुचवतात. त्यांना मी कवी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची आठवण करून देते. टिळकांचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होणं, 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली पाच वर्षं टिळकांनाही थांबावं लागलंच की.

गेल्या नाताळला मी त्याच्यासाठी शर्ट आणून ठेवला होता. खांद्यात घट्ट झाला. "आई, मला विचारायचंस की," तो म्हणाला. बदलून घ्यायला आम्ही दोघं चालतच कापडबाजारात गेलो. वाटभर तो बोलत होता, ऑफिसचं, खोलीवरच्या मित्रांचं, रात्री झोप लागत नाही त्याचं. मी मध्ये एकही वचन घातलं नाही. जिभेवर चार आली होती.