तुम्ही विचारलंत म्हणून: "सुधारणा मिलिटरीनेच केल्या ना?"

मी 2013 ते 2021 रंगूनला औषधांच्या धंद्यात होतो हे कळलं की लग्नकार्यात, सोसायटीच्या मीटिंगनंतर, कुठेही हाच प्रश्न येतो. म्यानमारचं मार्केट मिलिटरीनेच उघडलं ना, मग आपल्याकडे पण पाच वर्षं मिलिटरी आणली तर काय बिघडलं? दरवेळी मी दोन वाक्यांत काहीतरी बोलून विषय बदलतो, आज नाही बदलणार.

सुधारणा खऱ्या होत्या. सरकारी दराने डॉलरला सहा क्यात आणि बाजारात आठशे, हा तमाशा एप्रिल 2012 मध्ये थेन सेन यांच्या सरकारने बंद केला, आणि ते स्वतः माजी जनरल. ज्या सिमकार्डला आधी लाखो क्यात मोजावे लागायचे ते 2014 मध्ये दीड हजाराला मिळायला लागलं. मी तेव्हा घरी फोनवर सांगायचो की हे जनरल शहाणे निघाले, देशावरची पकड सोडतायत हळूहळू. 2008 च्या घटनेत संसदेच्या पाव जागा लष्कराच्या, संरक्षण, गृह आणि सीमा ही तिन्ही खाती त्यांची, आणि घटना बदलायची तर पाऊण संसदेपेक्षा जास्त मतं लागणार म्हणजे त्यांना विचारल्याशिवाय काही हलणार नाही, हे सगळं मला माहीत होतं. तरी मी ते नुसतं कागदावरचं समजलो.

आमच्या ऑफिसात अकाउंट्सला एक बाई होत्या, वयाने मोठ्या, मी त्यांना 'दॉ' म्हणायचो, तिकडे बाईमाणसाला मानाने तसंच म्हणतात. मी सगळ्यांचे पगार बँकेत टाकायचं ठरवलं तेव्हा एकट्या त्या नको म्हणाल्या. का विचारलं तर दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत घालून 75 क्यातची एक नोट घेऊन आल्या. सप्टेंबर 1987 मध्ये तेव्हाचे लष्करशहा ने विन यांनी 25, 35 आणि 75 च्या नोटा एका दिवसात रद्द केल्या, बदलून काही नाही, आणि नंतर 45 आणि 90 च्या काढल्या कारण त्यांना नऊ आकडा लाभतो म्हणे. दॉंच्या वडिलांनी घरासाठी जमवलेले पैसे असल्याच नोटांत होते, त्यातली ही एक आईने ठेवलेली. घडीवर फाटत आली होती. मी ती हातात धरून त्यांना सांगितलं, दॉ, तो काळ गेला आता. माझ्या शब्दावर त्यांनी खातं उघडलं, पुढे घरातली बचतही त्यात ठेवली.

1 फेब्रुवारी 2021 ला पहाटे लष्कराने सत्ता घेतली, निषेध म्हणून रोज रात्री आठला गल्लोगल्ली भांडी वाजायला लागली, बँकेतले लोक कामावर जाईनात आणि शाखा बंद पडल्या. एटीएममधून थोडेच पैसे मिळायचे, त्यासाठी दॉ कर्फ्यू उठला की पहाटे जाऊन उभ्या राहायच्या आणि दुपारी ऑफिसला यायच्या, कधी रिकाम्या हाताने. बाहेर दलाल कमिशन कापून खात्यातल्या पैशाची रोकड देत होते, म्हणजे स्वतःचेच पैसे विकत घ्यायचे. मी माफी मागितली तर म्हणाल्या, तुम्हाला काय माहीत होतं. पण मला माहीत होतं हो, त्यांनी ती नोट माझ्या हातात दिली होती!

तुम्ही म्हणाल दक्षिण कोरियात मिलिटरीला जमलं. जमलंही असेल, मी तिथे राहिलेलो नाही. आणि उघडलेलं मार्केट खोटं होतं असंही मी म्हणू शकत नाही, त्याच स्वस्त सिमवरून आंदोलन करणाऱ्या पोरांनी रस्त्यावरचे व्हिडिओ जगाला दाखवले. मग ते नकोच होतं का? मला अजून ठरवता येत नाही. एवढंच कळतं की 2014 मध्ये मी सिमकार्डं मोजली आणि दॉंनी ती नोट जपली, आणि आमच्या दोघांत अडाणी मी होतो.

त्यांचे पैसे पुढे निघाले, थोडे थोडे, कमिशन जाऊन. मी परतल्यावर फोनवर विचारलं, आता कुठे ठेवलेत? सोनं घेतलं म्हणाल्या. कुठे ठेवलंय ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.