लेकरू कधी, हे ठरवताना

अंतराचं, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणूनचं, इंजेक्शन घेणाऱ्या बाईला मूल कधी हवं हे जवळजवळ वर्षभर आधी ठरवावं लागतं. गोळ्या बंद केल्या किंवा तांबी काढली की दिवस लगेच राहू शकतात. अंतराचं तसं नाही, शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण 7 ते 10 महिने जातात. म्हणजे "आता मी तयार आहे" असं वाटेल त्या दिवशी काहीच होणार नसतं. मला हे आधीपासून माहीत होतं, नर्सताईंनी कार्ड हातात देतानाच सांगितलं होतं. पण वर्षभरानंतरची मी तयार असेन का, हे आज कसं ठरवायचं, याचं उत्तर त्या कार्डावर नव्हतं.

मी लातूरला एका खासगी ठिकाणी हिशेबाचं काम करते. वय तीस. नवरा कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. जितके तास तितके पैसे, उन्हाळ्यात शून्य, आणि झालेल्या तासांचं मानधनही कधी हातात पडेल ते सांगता येत नाही. अंतरा घेण्यामागे हेच होतं. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं, आणि मुख्य म्हणजे घरात गोळ्यांचं पाकीट सापडत नाही. कार्ड ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.

पाकिटाची भीती कामून, तर माझी सासू माझी सख्खी आत्या आहे. मामाची मुलगी आत्याच्या घरात, आमच्याकडे यात कुणाला नवल वाटत नाही. लहानपणी ज्याला "ए" म्हणून हाक मारली त्याला आता चारचौघांत "अहो" म्हणते, एवढाच काय तो फरक. पण सासू आत्या असली की "काही आहे का गं?" हा प्रश्न माहेर आणि सासर दोन्हीकडून एकाच तोंडाने येतो.

अंतराने बऱ्याच जणींची पाळी अनियमित होते किंवा थांबते. माझी थांबली. महालक्ष्म्यांच्या वेळी आत्या दरवर्षी तारखा विचारून कामं वाटते, सोवळ्याचा स्वयंपाक कोण करणार, मुखवटे कोण मांडणार. "औंदा तुझी अडचण कुठं गेली गं? मागच्या महिन्यातबी नव्हती." मी विषय बदलला. तिने आपला अर्थ लावला. जेवणाच्या दिवशी मला जड पातेलं उचलू दिलं नाही, पुरणाची पोळी ताटात एक जास्तीची, आणि शेजारच्या काकू माझ्याकडे बघून हसायला लागल्या. रात्री भांडी पुसताना मी तिला इंजेक्शनचं सांगून टाकलं.

मला वाटलं आता महाभारत होणार. ती बराच वेळ एकच तांब्या पुसत राहिली आणि म्हणाली, "कामून लपवायलीस? मला चार झाले. एकाच्याबी टायमाला कुणी इचारलं नाही, तुला कवा पायजे म्हणून."

तोवर मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, यांचं कायम झालं की बघू. ते ऐकून लोक गप्प बसतात, म्हणून ते सोयीचं होतं. पण प्राध्यापक भरतीची वाट बघत बसले असते तर माझी पाळी कायमची जायची वेळ आली असती. त्या रात्रीनंतर आम्ही नवरा-बायको पहिल्यांदा नीट बोललो. लेकरू दोघांनाही हवं होतं, त्यात वादच नव्हता. अडलेलं सगळं भोवतालचं होतं, आणि त्यातलं निम्मं विचारून कळण्यासारखं होतं.

म्हणून आधी डॉक्टरबाई. त्यांचा पहिलाच प्रश्न, नात्यातलं लग्न आहे का? हो म्हटल्यावर त्या रागावल्या नाहीत, वहीच्या मागच्या पानावर आमच्या आजोबांपासूनचं झाड काढलं. घरात कुणाला लहानपणी रक्त चढवावं लागायचं का, कुणी बहिरं, कुणाची लेकरं वारंवार गेली का, असं विचारत गेल्या. बाळात जन्मजात दोष असण्याची शक्यता कुठल्याही जोडप्यात साधारण 2 ते 3 टक्के असते. आते-मामे भावंडांत ती जवळपास दुप्पट होते. आजीकडून किंवा आजोबांकडून आलेला एकच बिघडलेला जनुक दोघांकडेही असू शकतो, म्हणून. "दुप्पट म्हणजेही शंभरातले चौऱ्याण्णव-पंच्याण्णव नीट," असं त्यांनीच पुढे सांगितलं. ते ऐकून नवऱ्याने श्वास सोडला. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी दोघांचंही रक्त तपासलं. दोघांपैकी कुणीही वाहक निघालं नाही.

माझं हिमोग्लोबिन मात्र 10.2 निघालं. गरोदर नसलेल्या बाईला 12 तरी हवं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, गोळीच्या आगेमागे चहा बंद. हा एकच नियम मला जड गेला. फॉलिक अॅसिड रोज 400 मायक्रोग्रॅम, तेही आत्तापासून, कारण बाळाचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू जिच्यातून घडतो ती नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत मिटते. तेव्हा कुठे पाळी चुकल्याचं लक्षात येत असतं.

ऑफिसात विचारलं तर "बघू तेव्हाचं तेव्हा." त्यात बघण्यासारखं काही नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी, आधीच्या वर्षात 80 दिवस काम केलेल्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे. 2017 पर्यंत ती 12 आठवडे होती. मी ते छापून फाइलला लावून ठेवलं.

रजा संपल्यावर लेकरू कुणाकडे, यावर मात्र आमचे बरेच दिवस गेले. आत्या म्हणाली, सांभाळते, पण पेरणीला आणि सोयाबीनच्या काढणीला गावाकडं जाणार, तिथं मला धरू नका. पाळणाघराचं नाव काढलं की तिचा चेहरा बदलतो. मग नवऱ्याने कॅलेंडर काढलं. पेरणी जूनमध्ये, आणि मे-जूनमध्ये त्याला तास नसतात. ज्या महिन्यांच्या नावाने आम्ही इतकी वर्षं कुरकुरलो तेच महिने कामाला आले. राहिली काढणी, तेवढ्यापुरती माझी आई येईल. पैशाचं म्हणाल तर कोऱ्या महिन्यांचा खर्च आधीच वेगळ्या खात्यात टाकतो, गाडीचा विचार सोडून दिला.

भीती गेली का? नाही. माझ्या जावेला बाळंतपणानंतर कित्येक महिने रडू यायचं आणि सगळे तिला "नखरे" म्हणायचे, ते मी बघितलंय. ते माझ्या वाट्याला आलं तर डॉक्टरकडे न्यायचं, अंगारा लावत बसायचं नाही, हे मी आत्याकडून कबूल करून घेतलं.

पुढचं इंजेक्शन घेतलं नाही. पाळी परत यायची आहे. ती नियमित होऊन वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर तपासण्या करायच्या, पस्तिशीच्या पुढे असते तर सहा महिन्यांतच, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. नवऱ्याने तिथेच सांगून टाकलं, पहिली तपासणी माझी, ती स्वस्त आहे आणि तिला सुईसुद्धा लागत नाही.