डेकच्या खाली उभं राहून : आमची वाटचाल

घरमालक मागचं दार उघडतात, "या ना, वर या, चहा घेणार का?" म्हणतात, आणि मी दरवेळी तेच सांगते, "चहा नंतर घेते. आधी खालून बघते." मग डेकखाली ठेवलेली सायकल, कुंड्या, बार्बेक्यूचं झाकण, बर्फ ओढायचं फावडं बाजूला करायचं, टॉर्च लावायची आणि मान वर करायची. न्यू जर्सीत आम्ही घरोघरच्या लाकडी डेकची, म्हणजे घराच्या मागे जोडलेल्या उघड्या लाकडी गच्चीची, तपासणी करतो. आमचं अर्ध्याहून जास्त काम त्या अंधाऱ्या, कोळिष्टकांच्या जागेत होतं.

मी मूळची ठाण्याची. २००३ साली सिव्हिल इंजिनिअर झाले आणि घोडबंदर रोडवरच्या एका साइटवर लागले. स्लॅब भरायच्या दिवशी गॅलरीपाशी उभं राहायचं काम माझ्याकडे असायचं. गॅलरी भिंतीतून पुढे आलेली, तिला पुढून आधार नाही, त्यामुळे ताण वरच्या अंगाला येतो आणि मुख्य सळ्या वर बांधाव्या लागतात. घमेली घेऊन ये-जा करणाऱ्यांच्या पायाखाली त्या दबतात. खाली चेअर (सळ्यांना उचलून धरणारे सळईचेच टेकू) नीट लावलेल्या नसल्या तर दोनेक इंच सहज खाली जातात. त्यावर काँक्रीट पडलं की गॅलरी दिसायला शेजारच्या गॅलरीसारखीच, ताकद मात्र गेलेली. आमचे सीनियर साहेब म्हणायचे, "भरणं संपेपर्यंत तिथून हलायचं नाही. जेवण मी पाठवतो." ते दिवस मला पुढे फार उपयोगी पडले.

२००८ मध्ये लग्न होऊन एडिसनला आले. नवऱ्याच्या व्हिसावर मला काम करायची मुभा नव्हती. ती सात वर्षं मुलं, लायब्ररी आणि मंडळाचा गणपती यांत गेली. आमच्या भागात सत्तर-ऐंशीच्या दशकातली बाय-लेव्हल घरं पुष्कळ. स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर, त्यामुळे मागचा डेकही जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर. मी त्यावर कपडे वाळत घालत असे (इथे कुणी घालत नाही, मी घालायचे), पण तो कशाच्या आधारावर उभा आहे हे कधी बघितलं नव्हतं. लाकूडकाम आपलं क्षेत्र नाही असंच डोक्यात होतं.

२०१५ च्या मे अखेरीला नियम बदलला आणि माझ्यासारख्या अनेक जणींना वर्क परमिटसाठी अर्ज करता आला. माझा अर्ज नुकताच गेला होता, तेवढ्यात १६ जूनला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीची बातमी आली. एकविसाव्या वाढदिवसाची पार्टी, गॅलरीत तेरा जण, बहुतेक आयर्लंडहून उन्हाळ्यापुरते आलेले विद्यार्थी. गॅलरी भिंतीपाशी मोडली. सहा जण गेले, सात जखमी झाले. इमारत जेमतेम आठ वर्षांची होती. आतले वासे पाणी मुरून कुजले होते. गॅलरी ठाण्यातल्यासारखीच, पुढून आधार नसलेली. सळ्यांच्या जागी लाकडी वासे, एवढाच फरक. त्या रात्री मी टॉर्च घेऊन आमच्या स्वतःच्या डेकखाली गेले. सात वर्षांत पहिल्यांदा.

काय बघायचं ते मला कळेना. शेजारी एक निवृत्त सुतार आजोबा राहायचे, चाळीस वर्षं घरं बांधलेले. सकाळी त्यांना बोलावलं. त्यांनी खिशातून टोच्या काढला, घराला लागून असलेली तुळई दोन-तीन ठिकाणी टोचली, हातोडीची मूठ वाजवून कान दिला आणि म्हणाले, "हा ठीक आहे. पण तुला शिकायचं असेल तर मी शिकवतो." पुढच्या वर्षी होम इन्स्पेक्टरचा अभ्यासक्रम केला. न्यू जर्सीत त्यासाठी १८० तास लागतात, त्यातले ४० तास प्रत्यक्ष घरांमध्ये. परीक्षा दिली, लायसन्स मिळालं आणि २०१८ मध्ये आमची फर्म सुरू झाली : मी, आजोबा आणि हिशेब सांभाळायला संध्याकाळी नवरा.

घराला लागून असलेल्या त्या तुळईला इथे लेजर म्हणतात. डेकचा अर्धा भार तिच्यावर आणि उरलेला पुढच्या खांबांवर. नियम असा की साइडिंग, म्हणजे भिंतीवरचं बाहेरचं आवरण, काढून लेजर थेट घराच्या सांगाड्याला अर्ध्या इंचाच्या बोल्टांनी किंवा तशाच जाड स्क्रूंनी जोडायची, बोल्ट एका रेषेत न घेता वर-खाली नागमोडी घ्यायचे आणि वरून पत्रा लावायचा, म्हणजे पावसाचं पाणी मागे उतरणार नाही. जुन्या डेकवर काय दिसतं? लेजर साइडिंगवरूनच ठोकलेली, तीही नुसत्या खिळ्यांनी. खिळा आडवा जोर बऱ्यापैकी घेतो, पण सरळ बाहेर ओढला की निसटतो, आणि माणसं कठड्याकडे सरकली की डेक घरापासून बाहेरच ओढला जातो. पत्रा नसला तर साइडिंगच्या आत वर्षानुवर्षं ओल राहते. खिळे धरून ठेवणारं लाकूड मऊ पडत जातं, वरच्या फळ्या मात्र दर दोन वर्षांनी रंग देऊन चकचकीत.

आमच्या पहिल्याच उन्हाळ्यात एका मराठी कुटुंबाचा फोन आला. शनिवारी सत्यनारायण, साठ पानं, पूजा आत आणि जेवण डेकवर. सूनबाईंना पाय टाकला की काहीतरी हलल्यासारखं वाटत होतं. मी गुरुवारी गेले. काका सोबत खाली आले. लेजर अॅल्युमिनियमच्या साइडिंगवरून ठोकलेली, बोल्ट एकही नाही. डाव्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराच्या बरोबर खाली, टोच्या लावला तर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला ओला, काळपट भुसा. वर सुतारमुंग्यांची रांग.

"अहो ताई, वीस वर्षं उभा आहे हा," काका म्हणाले.

"काका, या वीस वर्षांत एका वेळी यावर किती माणसं होती?"

त्यांनी आठवून सांगितलं, "सात-आठ."

डेक बारा बाय सोळा. नियमाप्रमाणे चौरस फुटाला ४० पौंड धरायचे, म्हणजे साडेसात हजार पौंडांहून जास्त, जवळपास साडेतीन टन. एवढा भार त्या डेकने कधीच पाहिला नव्हता, आणि शनिवारी तो साठ माणसांना तोलणार होता. मी म्हटलं, "काका, शनिवारी कुणालाही वर चढू देऊ नका. दाराला आतून कुलूप घाला." त्यांना वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. पण त्यांनी ऐकलं. पंगत गॅरेजमध्ये आणि लॉनवर झाली. महिन्याभराने डेक उतरवला तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. लेजरचा डावा चार फुटांचा तुकडा सुतारांनी हातानेच ओढून काढला, पहार लागली नाही.

मोठे अपघात अशाच दिवशी होतात, कारण घरातली आनंदाची माणसं तेव्हाच एका जागी जमतात. शिकागोत २९ जून २००३ ला लिंकन पार्कमधला पोर्च पार्टी चालू असताना कोसळला, तेरा तरुण गेले. आमच्याच राज्यात, वाइल्डवूडला, सप्टेंबर २०१९ मध्ये अग्निशमन दलाच्या अधिवेशनासाठी माणसं जमली होती तेव्हा एका घराचे डेक एकावर एक खाली आले. वीसहून जास्त जखमी झाले, त्यांत मुलंही होती. बर्कलीनंतर कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये कायदा केला, आणि तीन किंवा जास्त घरं असलेल्या भाड्याच्या इमारतींच्या लाकडी गॅलऱ्या दर सहा वर्षांनी तपासणं सक्तीचं झालं. आमच्याकडच्या स्वतंत्र घराच्या डेकला बांधताना टाउनशिपचा इन्स्पेक्टर येतो, पुढची तीस वर्षं आपणहून कुणी येत नाही. म्हणून हे काम मला महत्त्वाचं वाटतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवली : आम्ही दुरुस्ती करणार नाही. आजोबांच्या हातात कसब होतं, गिऱ्हाइकंही म्हणत, "तुम्हीच करून द्या ना." पैसे त्यातच होते. पण जो दोष सांगणार त्यालाच दुरुस्तीचे पैसे मिळणार असतील तर समोरच्याने त्याच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा? नवं डिझाइनही आम्ही करत नाही. माझी मुंबईची पदवी इथे नकाशावर शिक्का मारायला चालत नाही, तिथे आम्ही लायसन्स असलेल्या इंजिनिअरकडे पाठवतो. या निर्णयामुळे पहिली दोन वर्षं ओढाताणीत गेली. एकदा घराच्या विक्रीत एका एजंटने अहवालातलं एक वाक्य मवाळ करायला सांगितलं. "असुरक्षित" च्या जागी "देखभाल आवश्यक" लिहा, म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांच्याकडून पुन्हा काम आलं नाही. घर घेणाऱ्या मुलीने मात्र नंतर तिच्या तीन मैत्रिणींना आमचा नंबर दिला.

आमच्या हातूनही एक चूक झाली, ती लिहिलीच पाहिजे. २०१९ च्या फेब्रुवारीत एक डेक बर्फाखाली होता. खालून जेवढं दिसलं तेवढं ठीक होतं, आणि मी अहवालात डेक समाधानकारक म्हणून लिहिलं. एप्रिलमध्ये त्या घरच्या बाईंचा फोन आला. त्यांचा मुलगा कठड्याला टेकला तर कोपऱ्यातला खांब हातभर बाहेर झुकला. खांब खाली खाच मारून दोन खिळ्यांवर बसवलेला होता, ते बर्फाच्या थराखाली मला दिसलंच नव्हतं. मुलगा सुखरूप होता. मी त्याच दिवशी जाऊन माफी मागितली, फी परत केली. तेव्हापासून जे दिसलं नाही ते "दिसलं नाही, तपासलं नाही" असं पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहितो आणि बर्फ वितळल्यावर पुन्हा फुकट जाऊन येतो. कठड्याचा प्रत्येक खांब मी आता स्वतः अंगाचा भार टाकून हलवून बघते. एका जागी दोनशे पौंडांचा जोर त्याने सहन करायला हवा.

२०२० नंतर काम एकदम वाढलं. सगळे घरी, सगळ्यांना डेक हवा, आणि २०२१ मध्ये लाकडाचे भाव गगनाला भिडलेले. मग लोकांनी वरच्या फळ्या तेवढ्या काढून महागड्या काँपोझिट (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाच्या) बसवल्या, खालचा सांगाडा जुनाच ठेवला. हे आजही सर्रास दिसतं, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते, कारण वरून डेक कोरा करकरीत दिसतो आणि घर घेणारा निर्धास्त होतो. त्यातही २००४ नंतरच्या काही वर्षांतले सांगाडे नीट बघावे लागतात. २००३ च्या अखेरीला घरगुती लाकूड कुजू नये म्हणून वापरलं जाणारं आर्सेनिकचं जुनं रसायन बंद झालं. त्या जागी आलेल्या रसायनात तांबं जास्त, ते साधं लोखंड खातं. त्यासाठी वाशांची टोकं धरणारे हँगर जाड गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसचे लागतात. सगळ्या सुतारांपर्यंत हे वेळेवर पोचलं नाही, आणि ते हँगर नखाने खरवडले तरी पापुद्रे निघतात.

आजोबा दोन वर्षांपूर्वी फ्लोरिडाला मुलीकडे गेले. जाताना टोच्या मला देऊन गेले. लाकडी मूठ हाताच्या घामाने काळी झालेली. आता आम्ही चौघं आहोत. नाशिकची एक मुलगी गेल्या वर्षी रुजू झाली, ती वाशाच्या टोकाशी टॉर्च तिरकी धरून भेगा शोधण्यात माझ्यापेक्षा तरबेज आहे. तिच्या पिशवीत चार इंच व्यासाचा एक चेंडू असतो. कठड्याच्या गजांमधून तो आरपार गेला तर तान्ह्या बाळाचं अंगही जाईल, म्हणून तो जाता कामा नये. आजी-आजोबा भारतातून नातवंडं सांभाळायला आलेले असतात, त्यांना आम्ही तो चेंडू हातात देऊन दाखवतो.

 दर मे महिन्यात आम्ही जुन्या घरांना फोन करतो आणि जमेल तिथे जाऊन बोल्ट, हँगर, पत्रा परत बघून येतो. सत्यनारायणवाल्या काकांचा नवा डेकही त्यात असतो. गेल्या मे महिन्यात मी पोचले तेव्हा वर नात रांगत होती आणि स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता. काकांनी डेकखालचं सामान आधीच हलवून ठेवलं होतं आणि खालचा दिवा लावलेला होता.