आयोवातल्या अंगणात सीबीचा अँटेना

सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओ, म्हणजे ट्रकवाले आपसांत बोलायला वापरतात तो रेडिओ, घ्यायचा ठरला की माणसं रेडिओच्याच मागे लागतात. हे मॉडेल की ते, बटणं किती, दिव्याचा रंग कोणता. इकडे अमेरिकेत कायद्यात बसणारा कुठलाही सेट उचला, चॅनेल तेच ४०, २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झमधले, आणि एएम या नेहमीच्या पद्धतीवर ताकद ४ वॉट. साइडबँड या दुसऱ्या पद्धतीवर शिखराला १२. रात्री पॅसेजमध्ये जळत ठेवतो त्या एलईडी दिव्याएवढीच ही ताकद. ती कुठवर पोचणार हे छपरावर ठरतं. म्हणून मी सेट जुना, स्वस्तातला घेतला आणि डोकं नि पैसे दोन्ही अँटेनाकडे वळवले.

हे खूळ डोक्यात शिरलं ते २०२० च्या वादळामुळे. आम्ही डेव्हनपोर्टच्या पश्चिमेला, गावाबाहेर, वॉलकॉटच्या वाटेवर राहतो. पुण्याहून आलो ते ट्रॅक्टरच्या कंपनीतल्या नोकरीसाठी; या भागातल्या बऱ्याच मराठी घरांची गोष्ट हीच आहे. त्या वर्षी १० ऑगस्टला डेरेचो आलं, म्हणजे सरळ रेषेत शेकडो मैल धावणारं वाऱ्याचं वादळ. मका आडवा झाला, वीज गेली. सीडर रॅपिड्सकडे तर वारा ताशी १४० मैलांवर गेल्याचा अंदाज नंतर निघाला, आणि तिथले मोबाइलही ठप्प. शेजारी एक निवृत्त ट्रकवाले आजोबा राहतात. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडीच्या बॅटरीवर सीबी चालू होता, आणि चॅनेल १९ वर इंटरस्टेट ८० वरचे ड्रायव्हर एकमेकांना सांगत होते, कुठे झाड पडलंय, कुठल्या पंपावर डिझेल मिळतंय. आमच्या हातात हजार डॉलरचे फोन, आणि बातमी मिळत होती ती आजोबांच्या खोक्यातून.

तरी प्रत्यक्ष हात घालायला बराच काळ गेला. घालायची वेळ आली तेव्हा मी अँटेनांच्या याद्या घेऊन आजोबांकडे गेलो. त्यांनी कागदांकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "आधी तुझ्या अंगणात चल."

अंगणात येऊन ते पहिल्यांदा रस्त्याकडेच्या विजेच्या तारांखाली जाऊन उभे राहिले. तिथून पावलं मोजत घराकडे आले. हिशेब सोपा होता: खांब आणि अँटेना मिळून जेवढी उंची, तेवढ्या अंतरात एकही तार नको, वर आणखी भरपूर जागा मोकळी हवी. उभारताना हातातून सुटला किंवा वादळात पडला, तरी तारेला शिवता कामा नये. सत्तरच्या दशकात, तेलटंचाईनंतर ट्रकवाल्यांमुळे सीबीची लाट आली, तेव्हा घरोघरी छपरावर अँटेना चढवताना लोक शॉक लागून मेले. त्यातूनच इथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने घरच्या सीबी अँटेनांना विजेपासून संरक्षणाचा नियम लावला, आणि खोक्यावर इशारा छापणंही सक्तीचं झालं. तो इशारा वाचायचा, पण अँटेना तारेपासून लांब उभारायचा तो उभारायचाच.

या एका पाहणीत समोरचं अंगण बाद झालं. घराचं छप्परही बाद, कारण वीज घरात येते ती तार त्याच बाजूने. उरला गॅरेजचा मागचा कोपरा. पुढचे सगळे निर्णय त्या कोपऱ्यातून निघाले, हे मला फार आवडलं. जागेने खांब ठरवला, खांबाने केबल ठरवली, आणि अँटेना सगळ्यात शेवटी आला.

उंचीचा नियम असा: जमिनीपासून टोकापर्यंत ६० फूट, नाहीतर ज्या इमारतीवर बसवलाय तिच्या माथ्यापासून २० फूट, यांतलं एक पाळलं की झालं. विमानतळ जवळ असेल तर वेगळं, आमच्याकडे तो प्रश्न नव्हता. मी ३० फुटांचा, एकात एक सरकणारा लोखंडी खांब घेतला. गॅरेजच्या भिंतीला दोन ब्रॅकेट, आणि वर तीन दिशांना ताणतारा. उंची कशाला एवढी? फुटांतली उंची दुप्पट करून तिचं वर्गमूळ काढलं की रेडिओचं क्षितिज साधारण मैलांत मिळतं. खांबावर अँटेनाचा मध्य धरला तर ४० फूट, त्याचे ९ मैल. पलीकडच्या ट्रकचा अँटेना १२-१३ फुटांवर, त्याचे ५. बेरीज १४. तोच अँटेना मी १५ फुटांवर बसवला असता तर माझ्या बाजूचे ९ मैल साडेपाचावर आले असते. आयोवा सपाट आहे म्हणून हे गणित जमतं; कोकणात किंवा कोलोरॅडोत हे आकडे विसरा.

खांब मागच्या कोपऱ्यात म्हणजे केबल लांब. माझ्या टेबलापासून अँटेनाच्या बुडापर्यंत जवळपास १०० फूट. इथे लोक पैसे वाचवतात आणि इथेच मार खातात. बारीक आरजी-५८ केबल १०० फुटांत या फ्रिक्वेन्सीला दोन डेसिबलच्या वर खाते. म्हणजे सेटमधून ४ वॉट निघाले तर वर पोचतात अडीचच्या आसपास. जाड एलएमआर-४०० तेवढ्याच लांबीत साधारण ०.७ डेसिबल खाते, वर सव्वातीन-साडेतीन वॉट पोचतात. ऐकण्याच्या बाबतीतही तसंच, कारण येणारा सिग्नल त्याच वाटेने खाली येतो. केबलचं बिल पाहून बायको म्हणाली, "अरे, वायर आहे की मंगळसूत्र?" अँटेनापेक्षा केबल महाग पडली, हे खरंच आहे.

आता अँटेना. २७ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ११ मीटर, म्हणून या पट्ट्याला कुणी कुणी ११ मीटर बँड म्हणतात. सगळ्या उभ्या अँटेनांची मापं या ११ ची मुलं. पाव लहर म्हणजे ९ फुटांची काठी, तिच्या बुडाशी तिरके खाली उतरणारे तीन-चार रेडियल, म्हणजे सळ्या; यालाच ग्राउंड प्लेन म्हणतात. अर्धी लहर म्हणजे १८ फुटांच्या आतबाहेर. पाच-अष्टमांश म्हणजे २२-२३ फूट. शिवाय यागी, म्हणजे जुन्या टीव्ही अँटेनासारखा आडव्या दांड्याचा बीम. तो एका दिशेला खूप जोर देतो, पण फिरवायला मोटर लागते. मला ऐकायचाय हायवे, जो पूर्व-पश्चिम दोन्हीकडे पळतो. ताशी ७० मैलांनी चाललेल्या ट्रकच्या मागे मी रोटर फिरवत बसू का? बीम गेला. पाव लहरीचा ग्राउंड प्लेन अतिशय प्रामाणिक अँटेना, घरीही बनतो, आणि पैसे कमी असतील तर मी डोळे झाकून तोच सुचवेन. फक्त आमच्याकडे हिवाळ्यात गोठणारा पाऊस पडतो आणि रेडियलांवर बर्फ बसतो, ते मला नको होतं.

उरले तीन. ॲन्ट्रॉन ९९ च्या जातीचा १८ फुटी फायबरग्लास, अर्ध्या लहरीचा. आणि आयमॅक्स २००० च्या जातीचा २४ फुटी. तिसरा अॅल्युमिनियमचा पाच-अष्टमांश, जो कागदावर सगळ्यांत चांगला. खोक्यांवरचे आकडे वाचून मात्र हसू येतं. एका अर्ध्या लहरीच्या अँटेनावर गेन, म्हणजे अँटेना सिग्नलला देतो तो जोर, ९.९ डीबीआय (त्या जोराचं माप) छापलेला होता. अर्ध्या लहरीच्या डायपोलचा, म्हणजे मधोमध जोडलेल्या साध्या दोन हातांच्या अँटेनाचा, मोकळ्या अवकाशातला गेन २.१५ डीबीआय, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे. बाकीचे पावणेआठ डेसिबल जाहिरात खात्यातून आलेले. अर्धी लहर आणि पाच-अष्टमांश यांच्यात खरा फरक एक-सव्वा डेसिबलचा. सेटच्या सिग्नल-मीटरवरचं एक घर, म्हणजे एस-युनिट, ६ डेसिबलचं असतं, तेव्हा एवढ्याशा फरकाने समोरच्याची सुई हललेलीही दिसत नाही. चांगल्या केबलने मी त्याहून जास्त आधीच वाचवले होते.

म्हणून १८ फुटी घेतला. २४ फुटी काठी ३० फुटांच्या खांबावर म्हणजे वाऱ्याला मोठी तरफ, आणि आमचा वारा काय करतो ते पाहिलेलं होतं. फायबरग्लास वाकतो, झुलतो, परत उभा राहतो. आजोबांचा अॅल्युमिनियमचा त्या डेरेचोत गुडघ्यात मोडला होता, आणि तरी ते त्याचंच गुणगान गातात. गाऊ देत.

उभारणीचा दिवस बिनवाऱ्याचा पाहिला. खणण्याआधी ८११ ला फोन केला. गॅसच्या आणि केबलच्या लाइनी कुठून गेल्यात ते येऊन रंगाने आखून देतात, फुकट. ८ फुटी तांब्याचा मुलामा दिलेला रॉड खांबाजवळ ठोकला, खांब त्याला जोडला, आणि तो रॉड जाड तांब्याच्या तारेने घराच्या मुख्य अर्थिंगला. हा शेवटचा जोड पुष्कळ जण गाळतात. दोन अर्थिंग वेगवेगळी राहिली तर जवळपास वीज पडल्यावर त्यांच्यातल्या फरकाचा झटका तुमच्या सेटमधून वाट काढतो. केबल घरात शिरते तिथे लाइटनिंग अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत वळवणारा जोड. तरीही ढग गडगडले की मी केबल सेटपासून काढून बाहेरच ठेवतो.

सगळ्यात किचकट काम केबलच्या टोकाला पीएल-२५९ कनेक्टर डाखायचं. जाड केबलचं बाहेरचं काळं सोलायचं, जाळी कापायची पण आतल्या पांढऱ्या फोमला चरा पडू द्यायचा नाही, मग कनेक्टरच्या अंगावरच्या चार भोकांतून शिसं जाळीत उतरवायचं. डाखायची बारीक इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) इथे कामाची नाही, कनेक्टरचं पितळ सगळी उष्णता पिऊन टाकतं. १०० वॉटची जाडजूड लागते. शिसं भोकात आरशासारखं चमकून बसलं की समजायचं धरलं. करडं, दाणेदार दिसलं तर परत. जोडल्यावर वरून आपल्याआपल्यात चिकटणारी रबरी टेप, ओढून ताणत, खालून वर, म्हणजे पाणी पन्हाळीवरून उतरावं तसं घसरतं. घरात शिरण्याआधी केबलला एक खाली लोंबणारा झोल, पाणी तिथेच ठिबकून जातं.

अँटेनाकडून किती ताकद सेटकडे परत येते ते सांगणारा एसडब्ल्यूआर मीटर लावून चॅनेल १, २० आणि ४० वर पाहिलं. तिन्ही १.५ च्या आत. या जातीच्या अँटेनाला बुडाशी दोन रिंगा असतात, त्या फिरवून जुळवता येतं. मी त्यांना हात लावला नाही. काही लोक १.३ वरून १.१ वर आणायला पुन्हापुन्हा खांब उतरवतात. १.५ ला परत येणारी ताकद ४ टक्के. त्या ४ टक्क्यांसाठी शिडी चढण्यात शहाणपण नाही. ३ च्या वर गेला तर मात्र बोलायचं बटण दाबू नये, सेट जळू शकतो.

मग पहिल्यांदा बटण दाबून बोललो, आणि आतून हाक आली, "अरे, कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून तूच बोलतोयस!" बुडातून जोडलेल्या अर्ध्या लहरीच्या अँटेनाचा हा ठरलेला दुर्गुण: थोडा प्रवाह केबलच्या बाहेरच्या जाळीवरून खाली उतरतो आणि केबलच अँटेना बनते. उपाय म्हणजे चोक, म्हणजे तो प्रवाह अडवणारं केबलचं वेटोळं. अँटेनाच्या लगेच खाली लवचिक आरजी-८एक्सचा तुकडा घेऊन पीव्हीसीच्या नळीवर शेजारी-शेजारी काही वेढे दिले, आणि स्पीकरच्या वायरींवर ३१ नंबरच्या मिश्रणाचे फेराइट चिमटे. त्यासाठी खांब एकदा खाली घ्यावा लागला. आवाज गेला. पुन्हा उभारणारा कुणी असेल तर चोक पहिल्याच दिवशी वर चढवावा.

आता ऐकू काय येतं? पूर्वेला मिसिसिपीच्या पुलाकडे चढणारे ट्रक, पश्चिमेला डझनभर मैलांपर्यंतचे. मधोमध वॉलकॉटचा तो जगातला सगळ्यात मोठा म्हणवणारा ट्रकस्टॉप, तिथे रात्री चॅनेल १९ वर कोल्हेकुई असते, आणि भाषा पोरांसमोर ऐकण्यासारखी नसते, हे आधीच सांगून ठेवतो. मे-जूनमध्ये दुपारी अचानक फ्लोरिडा, टेक्सास घरात शिरतात. वातावरणातला ई थर तेवढ्यापुरता आरसा होतो. २०१७ पर्यंत १५५ मैलांपलीकडच्या स्टेशनशी मुद्दाम बोलायला नियमाने मनाई होती, आता नाही. जॉर्जियातल्या एका काकांनी माझं टोपणनाव विचारलं, मी 'मिसळ' सांगितलं. ते मला 'मायकल' म्हणतात. चालतंय.

शिकागोजवळचा एक कोल्हापूरकर मित्र हे सगळं ऐकून पेटलाय. त्याचं घर मात्र सोसायटीच्या नियमांत अडकलेलं. डिश आणि टीव्हीच्या अँटेनाला केंद्राच्या नियमाचं संरक्षण आहे, सोसायटीला सहसा अडवता येत नाही. सीबीच्या अँटेनाला ते लागू नाही. त्याच्या माळ्यावर लाकडी छपराखाली तारेचा डायपोल उभा, निदान तिरका तरी बसतो का, ते आम्ही बघतोय. अर्ध्या लहरीला १७ फूट लागतात. माळ्याची उंची मोजून कळव म्हणून त्याला सांगितलंय.