एक मूल कमी

स्मिथ मेला तर आमच्या ऑफिसात कुणाचा चहा थांबत नाही. जोन्स, टेलर, ब्राउन यांचंही तेच. पण यादीत एखादं दुर्मिळ आडनाव दिसलं की सकाळी सातलाच खुर्च्या सरकू लागतात. ऐकायला निर्दय वाटेल, पण मी लंडनमध्ये वारस शोधायच्या धंद्यात आहे. मृत्युपत्र न करता आणि जवळचं कुणी मागे न ठेवता माणूस गेला की त्याची मालमत्ता शेवटी सरकारजमा होते. अशा प्रकरणांची यादी सरकारी विधी खातं जाहीर करायचं आणि आमच्यासारख्या कंपन्या तिच्यावर तुटून पडायच्या. खऱ्या वारसाच्या दारात जो पहिला पोचेल आणि सही घेईल, त्याला टक्केवारी. दुसऱ्याला पेट्रोलचे पैसेसुद्धा नाहीत. (इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. तिथे राहणारा माणूस असा गेला, तर त्याची बेवारस मालमत्ता सरकारकडे न जाता डची ऑफ कॉर्नवॉलकडे, म्हणजे युवराजांच्या जहागिरीकडे जाते. हा नियम अजून चालू आहे.)

गोष्ट मार्च २०२२ मधली. लंडनला एक सत्त्याऐंशी वर्षांचे गृहस्थ वारले होते. अविवाहित, एकुलते एक. आडनाव चेगविडन. खरं आडनाव हे नाही. धंद्याचा नियम म्हणून बदललं आहे, पण त्याच टापूतलं आणि त्याच घडणीचं घेतलं आहे, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल.

चेगविडन हे कॉर्नवॉलचं आडनाव, आणि कॉर्नवॉलमध्येही पार पश्चिम टोकाचं. १८८१ च्या खानेसुमारीवरून काढलेल्या आडनावांच्या नकाशावर बघितलं, तर पेन्झान्सच्या आसपास गडद ठिपका आणि बाकी इंग्लंड जवळपास कोरं. मूळ कॉर्निश शब्द दोन: 'ची' म्हणजे घर, 'ग्विन' म्हणजे पांढरं. पांढरं घर. कॉर्नवॉलची बरीच आडनावं अशी शेतावरून आणि वस्तीवरून आली आहेत. 'त्रे' म्हणजे वाडी, 'पोल' म्हणजे डोह, 'पेन' म्हणजे टोक. या तीन अक्षरांवरून कॉर्निश माणूस ओळखावा अशी जुनी म्हणच आहे. आपलं 'कर' बहुधा अख्ख्या गावाला लागतं. त्यांचं आडनाव पुष्कळदा एकाच शेताचं असतं. एक शेत, एक कुटुंब. म्हणून इतकं विरळ. त्यातून सोळाव्या शतकापर्यंत त्या भागात शेत बदललं की लोक आडनावही बदलत. शेवटी ज्या घरात मुक्काम पडला, ते चिकटलं.

आता त्यातला 'ड' कुठून आला? कॉर्निश भाषा पश्चिमेकडे सर्वांत जास्त काळ टिकली. तिची शेवटची बोलणारी म्हणून जिचं नाव घेतात, ती डॉली पेंट्रीथ मूझल या कोळ्यांच्या गावची, १७७७ मध्ये वारली. तर या पश्चिम टोकाला भाषेच्या उतरत्या काळात 'न्न' च्या आधी एक 'ड' फुटला. 'ग्विन'चं 'ग्विडन' झालं, 'पेन'चं 'पेडन'. जिथे भाषा आधीच मेली होती, तिथे हा 'ड' आला नाही. म्हणून चेगविडन पश्चिमेचे, आणि त्याच अर्थाचे चेगविन हे दुसरीकडचे, वेगळ्या घरांचे. मी हे सगळं वाचलेलं होतं. ऑक्सफर्डच्या आडनावकोशाचे चार जाड खंड आमच्या कपाटात आहेत, आणि ते उघडणारी बहुतेक मी एकटीच. याच वाचनाने त्या दिवशी माझा घात केला.

सकाळी साडेसातला मी बसले ती डोक्यात वारं भरून. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे आणि जन्माच्या सूचीत आईच्या माहेरचं आडनावही मिळतं. नवऱ्याचं आडनाव चेगविडन, बायकोचं माहेरचं आडनाव अमुक, जिल्हा पेन्झान्स. एवढं घातलं की त्या जोडप्याची सगळी पोरं माळेतल्या मण्यांसारखी ओघळतात. स्मिथच्या बाबतीत हेच करायला आठवडा जातो. इथे दहा मिनिटांत पाच मुलं हाती लागली. मयताचे वडील त्यांतलेच, जन्म १९०३. एक भावंड तान्हेपणीच गेलेलं. थोरला भाऊ पहिल्या महायुद्धात मारला गेला, लग्न झालेलं नव्हतं. एक बहीण जन्मभर अविवाहित. उरलेला भाऊ निपुत्रिक. आईकडची बाजू माझा सहकारी बघत होता. तिकडेही वंश खुंटलेला.

दहा वाजता मी वरिष्ठ बाईंना सांगितलं, "वारस नाही. सोडून देऊ या."

त्यांनी मान हलवली आणि फाइल ढिगावर ठेवली. मी चहा करून आणला. पण मनात कुठेतरी टोचत होतं, म्हणून पेन्झान्सला फोन लावला. तिथे आमचे एक जुने जाणते आहेत, तासावर काम करणारे. आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलं, आता रेडरूथच्या दफ्तरखान्यात पडीक असतात. ते मला 'माय लव्हर' म्हणतात. घाबरू नका, तिकडे दुकानदारापासून बसवाल्यापर्यंत सगळे कुणालाही असंच म्हणतात. आपल्याकडे 'बाळा' म्हणावं तसं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फोन ठेवून दिला होता.

मी सगळं वाचून दाखवलं. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. मग म्हणाले, "१९११ चं पान उघडलंस का, माय लव्हर?"

"हो. आई आणि चार मुलं. वडील घरी नाहीत."

"मी नक्कल नाही विचारली. पान विचारलं."

पान उघडलं नव्हतं. संकेतस्थळावर खानेसुमारीची टंकलेली नक्कल असते, नावं, वयं, जन्मगावं. घाईत आम्ही तीच बघतो. मूळ पानाची प्रतिमा वेगळी उघडावी लागते. आणि १९११ चं पान मोलाचं अशासाठी, की ती पहिली खानेसुमारी, जिच्यात कुटुंबाने स्वतः भरलेला कागदच जपून ठेवला आहे. त्याआधीच्या सगळ्या मोजणीदाराने आपल्या वहीत उतरवलेल्या.

उघडलं. शाई तपकिरी झालेली, अक्षर मोठं, सावकाश गिरवलेलं. नवरा तेव्हा दक्षिण आफ्रिकेत, रँडच्या सोन्याच्या खाणीत. कॉर्नवॉलचं कथील आणि तांबं बसलं आणि तिथले खाणकामगार जगभर पांगले. घरची बाई महिन्याच्या मनीऑर्डरीवर संसार चालवायची. या बाईनेच कागद भरला होता. त्या वर्षी विवाहित स्त्रियांना एक खास प्रश्न होता: एकूण मुलं किती झाली, हयात किती, गेली किती. तिने तीन चौकटींत तीन आकडे लिहिले होते. ६, ५, १. सहाचा आकडा इतका दाबून काढला होता, की टाकाची दोन टोकं फाकून रेघ दुहेरी उमटली होती.

माझ्या कागदावर पाच मुलं होती.

"एक कमी आहे," मी म्हणाले.

"मग शोध की," ते म्हणाले, "आणि स्पेलिंगवर विश्वास ठेवू नकोस. आमच्या आडनावांत जोर दुसऱ्या अक्षरावर असतो. च-ग्वि-डन. पहिलं अक्षर आम्ही गिळतो. इंग्लिश कारकुनाला जे ऐकू येईल ते तो लिहितो. चे, ची, चा, काहीही."

फोन ठेवला आणि मी रानोमाळ झाले. चि, चा, चु, सगळ्या स्वरांनी पेन्झान्स धुंडाळलं. जन्मसूचीत सहावं मूल नाहीच. मग ते इंग्लंडबाहेर जन्मलेलं असणार. लग्न १८९२ चं आणि इथे जन्मलेलं पहिलं मूल १८९८ चं. मधल्या सहा वर्षांची फट मला सकाळीच दिसायला हवी होती. आपल्याकडची कुठलीही आजी पत्रिका न बघता म्हणाली असती, "लग्नानंतर सहा वर्षं पाळणा हलला नाही होय गं?"

शेवटी आडनावाची फक्त पहिली पाच अक्षरं ठेवली, गाव काढून टाकलं, आणि १९११ मध्ये परदेशात जन्मलेल्यांवर चाळण लावली. एकच नाव उरलं. प्लिमथला एका घरात मोलकरीण, वय सतरा. आडनाव चेगविन. जन्मस्थळ: कोलार, इंडिया.

चेगविन. 'ड' नाही. म्हणजे सकाळभर मी ज्यांना दुसऱ्या घरातले म्हणून मुद्दाम बाजूला ठेवलं होतं, त्या ढिगातच ती पोरगी बसली होती. कागद मालकिणीच्या घरच्यांनी भरलेला. चेगविडन कशाला लिहीत बसतात, ऐकलं तेवढं लिहिलं. आणि पोरीनेही पुढे तेच वापरलं.

कोलारचं मला आश्चर्य वाटायला नको होतं, तरी वाटलं. मैसूर संस्थानातल्या त्या सोन्याच्या खाणी १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या लंडनच्या कंपनीने चालवल्या, आणि खाणीतली जाणती माणसं तिने मोठ्या संख्येने कॉर्नवॉलमधून नेली. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची जी कागदपत्रं आहेत, त्यांत तिकडच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी आहेत, आणि आता त्या घरबसल्या दिसतात. मला शोधायला पाऊण तास लागला, कारण तिथल्या पाद्र्याने तिसरंच स्पेलिंग केलं होतं: चिगविडन. पण आईबापांची नावं तीच आणि बापाचा धंदा खाणकामगार. आडनाव एक, पानं तीन, रूपं तीन. आणि हे म्हणे सोपं आडनाव!

दुपारचे अडीच वाजले होते. जेवायचं राहून गेलं होतं. आता तिचं लग्न. १९१२ पासून लग्नाच्या सूचीत जोडीदाराचं आडनाव छापलेलं असतं. चेगविन, प्लिमथच्या बाजूला, १९१९. समोर नवऱ्याचं आडनाव.

स्मिथ.

मी मोठ्याने हसले. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने वाकून स्क्रीन बघितला आणि तोही हसला. आख्ख्या देशात मूठभर माणसांचं आडनाव घेऊन सकाळपासून धावतेय, आणि ही बाई लग्न करून नेमकी देशातल्या सर्वांत मोठ्या गर्दीत शिरली.

पण इथेच आईच्या माहेरचा तो रकाना पुन्हा कामाला आला. बाप स्मिथ असेना का. 'स्मिथ, आईचं माहेर चेगविन' असे जन्म त्या सगळ्या वर्षांत मिळून दोनच निघाले. दोन्ही प्लिमथचे. मुलगा वर्षाच्या आतच गेला होता. मुलगी १९२० ची. बापाच्या आडनावात जी सापडली नसती, ती आईच्या माहेराने सापडली. या धंद्यातली बरीच मंडळी बापाची रेघ धरून वर-खाली धावतात. मीही तशीच धावले होते आणि आत्या विसरले होते.

पुढचं काम भराभर झालं. १९३१ ची खानेसुमारी १९४२ मध्ये आगीत जळाली, १९४१ ची लढाईमुळे झालीच नाही. म्हणून १९२१ नंतर आम्हाला आधार एकच, सप्टेंबर १९३९ मधली देशाची नोंदवही. ती वही पुढे आरोग्यसेवेने १९९१ पर्यंत वापरली आणि मुलीचं लग्न झालं की जुनं आडनाव खोडून वर नवं लिहीत गेले. आमच्या मुलीच्या ओळीत स्मिथवर काट मारून हिरव्या शाईत दुसरं आडनाव लिहिलेलं होतं. ते बऱ्यापैकी विरळ निघालं. संध्याकाळी पाचला तिच्या लेकीचा पत्ता माझ्या हातात होता. पहिल्या नात्याची माणसं नसतील तर कायदा आत्या-काका-मामा-मावशांच्या वंशजांपर्यंत उतरतो. म्हणजे वारस हीच, मयताच्या आत्याची नात.

सही घ्यायला आमचा डेव्हनचा माणूस जातो, पण मी हट्टाने दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरली. दार उघडलं ते सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी, हाताला कणीक. वारशाचं ऐकून त्यांनी आधी मला फसवणूक करणारी ठरवलं, जे बरोबरच होतं; मीही तेच केलं असतं. ओळखपत्र दाखवलं, ऑफिसला फोन लावून दिला. तरी शंका होती. मग मी बाप्तिस्म्याच्या नोंदीची छापील प्रत टेबलावर ठेवली.

त्यांनी चष्मा लावला. बोट ओळीखाली सरकवत नेलं. कणकेचा पांढरा ठसा कागदावर उमटला.

"आजी म्हणायची, मी हिंदुस्थानात जन्मले," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटायचं, थापा मारते. प्लिमथच्या पुढे कधी गेलेली नव्हती बिचारी."

मग त्यांनी आडनावावर बोट ठेवलं. "हे चुकलंय मात्र. आमचं चेगविन."

मी त्यांना पांढऱ्या घराची, 'ड'ची, मालकिणीच्या कागदाची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, स्कोन भट्टीत सरकवले, आणि अर्जावर आजीचं माहेरचं नाव लिहायच्या जागी ठसठशीत अक्षरांत चेगविनच लिहिलं.

मी खोडायला सांगितलं नाही. खाली कंसात दुसरी दोन रूपं माझ्या हाताने लिहिली, कारण वकील विचारणारच होता.

पुढच्या आठवड्यात पेन्झान्सहून आजोबांचं बिल आलं. कामाचा वेळ: अर्धा तास. सोबत दोन ओळींची चिठ्ठी: पान उघडत जा, माय लव्हर. लिफाफ्यावर, बिलावर आणि चिठ्ठीत मिळून माझं आडनाव तीनदा आलं होतं, आणि तिन्ही वेळा स्पेलिंग वेगळं.