उताऱ्यातून काढलेला उजेड

दृष्टिहीन मुलांसाठी पाठ्यपुस्तकं ब्रेलमध्ये आणायचं माझं काम. लोकांना वाटतं, मजकूर यंत्रात घातला की ठिपके बाहेर येतात. मजकुराचं बरंचसं तसंच होतं; घाम निघतो तो आकृत्यांत. ‘प्रकाशाचे परावर्तन’ हा धडा घ्या. आरसा म्हणून सँडपेपरची पट्टी, आपाती आणि परावर्तित किरणांना दोन वेगळ्या जाडीचे दोरे, स्तंभिका, म्हणजे आरशाशी काटकोन करणारी रेघ, ट्रेसिंग व्हीलने (दातेरी चाकाने) तुटक ठिपक्यांत. व्हील कागदाच्या मागून फिरवतात, त्यामुळे ती रेघ उलट्या बाजूने काढायची. बाणाचं टोक डोळ्याला पुरतं तेवढं बोटाला पुरत नाही, रेघेत विरून जातं, म्हणून ते फुगवायचं. दोन रेघा फार जवळ आल्या की बोटाला एकच लागते. आणि नावं! नुसता ‘प्रकाश’ हा शब्द सहा घरं खातो: जोडाक्षराची खूण, मग प, र, क, आ, श. ‘परावर्तित किरण’ तर रेघेशेजारी मावतच नाही. मग तिथे एकेक अक्षर ठेवून सूची वेगळ्या पानावर द्यायची.

या वेळी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी भाषेच्या उताऱ्यालाच हात घातला. ‘डोक्यात लख्ख प्रकाश पडला’ याच्या जागी ‘नीट समजले’. ‘आशेचा किरण दिसला’ याच्या जागी ‘थोडी आशा वाटली’. ‘पाहा’ दिसेल तिथे ‘स्पर्श करा’. समासात कारण दिलेलं: मुलांना वाईट वाटू नये. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ज्यांच्या वतीने आपण वाईट वाटून घेतो त्यांनाच विचारायची पद्धत आमच्या कामात नाही, आणि हा माझा जुना राग आहे.

तो मसुदा मी आठवीच्या वर्गात नेला. वाचायला बसली ती जन्मापासून न दिसणारी मुलगी, वर्गातली सगळ्यात वेगवान वाचक. दुसऱ्या पानावर तिची बोटं थांबली. “बाई, या लेखकाला ‘नीट समजले’शिवाय दुसरं काही येत नाही का?”

मी मूळ उतारा वाचून दाखवला. ती म्हणाली, “हे बरं होतं. का काढलं?” मी कारण सांगितलं. तिला ते कारणच कळेना.

मग मी एकेक शब्द टाकत गेले. लुकलुकणं? “बारीक, लांबचं, मधूनमधून.” चमकणं? “एकदम होतं आणि संपतं, विजेसारखं.” तेवणं? “शांत. बराच वेळ. तेवणारं कुणाला त्रास देत नाही.” हे तिला कुणी व्याख्या देऊन शिकवलेलं नव्हतं. गोष्टींतून, बोलण्यातून, आजूबाजूला हे शब्द कोण कशासाठी वापरतं त्यावरून तिने ते कमावले होते. संशोधनही हेच सांगतं. मरीना बेडनी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की जन्मापासून दृष्टी नसलेल्या प्रौढांना अशा क्रियापदांतले बारकावे डोळसांइतकेच कळतात. ‘पाहा’ खोडणाऱ्यांसाठी तर बार्बारा लँडाउ आणि लायला ग्लाइटमन यांचं १९८५ सालचं काम आहे. त्यांच्या अभ्यासातल्या दृष्टिहीन लहानगीला ‘वर पाहा’ म्हटलं की ती मान न उचलता हात वर न्यायची. पाहणं म्हणजे नीट शोध घेणं, हे तिने स्वतःच ठरवलं होतं.

नंतर प्रयोग. खोलीत अंधार केला, आरसा उभा केला, टॉर्चसमोर फट ठेवली, उठावदार खुणांचा कोनमापक मांडला आणि तिच्या हातात लाइट प्रोब दिला. उजेड वाढला की या उपकरणाचा सूर चढतो. आपतन कोन ४० अंश ठेवला. तिने प्रोब हळूहळू सरकवत नेला, सूर टिपेला गेला तिथे बोट टेकवलं आणि खुणा मोजल्या. चाळीस. मग न सांगता ती पांढऱ्या भिंतीकडे वळली. “इथे पण थोडा चढतो, पण सगळीकडे सारखाच.” धड्यातला पुढचा मुद्दा अनियमित परावर्तनाचाच आहे, म्हणजे खडबडीत पृष्ठभागावरून उजेड सगळीकडे विखुरण्याचा. तो तिने स्वतः काढला याचा आनंद मला अजून आहे.

आवरताना ती म्हणाली, “पण बाई, उजेड पडला की एकदम सगळं कळतं, हे खरं आहे? हाताला एकदम काही कळत नाही. आधी कड, मग कोपरा, मग सगळं जोडायचं.”

मी म्हटलं, तसे शब्दही आहेत की आपल्याकडे: उलगडलं, उकललं, गवसलं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. “‘गवसलं’ म्हणजे मी शोधत होते. ‘उजेड पडला’ म्हणजे शोधत नसतानाही आलं. गणित सुटतं तेव्हा कधी हे, कधी ते.”

हा फरक मी कुठल्याच कोशात इतका नेमका वाचलेला नाही. आणि ‘नीट समजले’ लिहून आम्ही नेमका तोच पुसत होतो.

तिच्या प्रश्नावर मात्र मी अजून अडले आहे. डोळसांनाही सगळं एकदम कळत नाही, एवढं मी सांगितलं. पवन सिन्हा यांच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर दिसू लागलेल्या मुलांना हाताने चाचपलेली वस्तू नुसत्या नजरेने लगेच ओळखता आली नव्हती. त्यानंतरच्या काही दिवसांत ते जमू लागलं. म्हणजे उजेड आधी आला, समज मागून. मग या शब्दाने कळण्याचा वेग आपल्याला जादाच दाखवला की काय? तिला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही.

सगळ्यात चीड आली ती विज्ञानाच्या धड्यात. तिथे ‘लाल रंगाने दाखवलेला किरण पाहा’ हे वाक्य जसंच्या तसं राहिलं होतं! बदलायला हवं होतं ते हेच. तिथे ‘जाड दोऱ्याचा किरण’ असं हवं. रंगावर टेकलेली सूचना बोटाला निरुपयोगी आहे. वाक्प्रचार निरुपयोगी नाहीत. खरी अडचण शोधायची तर आकृतीवर डोळे मिटून बोट फिरवावं लागतं, आणि त्यापेक्षा दया दाखवणं सोपं पडतं.

मी सविस्तर शेरा लिहून दिला. सहकाऱ्यांचं म्हणणं, मुलगी अपवादात्मक हुशार आहे. बाकी वर्गही त्याच उताऱ्यावर हसला होता, हे मी दुसऱ्या शेऱ्यात लिहिलं. लाल किरणाची दुरुस्ती मान्य झाली. उताऱ्याचा निर्णय पुढच्या बैठकीत होईल, आणि त्या बैठकीला तिला बोलवा असं मी लेखी कळवलंय. अजून उत्तर आलेलं नाही.